मी न पाहिलेले बारा भयपट

भयपट मी आयुष्यात एकही पाहिलेला नाही. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण हेच वाक्य मला चौकशी समितीसमोर बोलायचं होतं आणि ते आठ दिवस माझ्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकून बसलं होतं.

न पाहण्याचं कारण सरळ आहे. मी घाबरतो. लोक याला "आपल्याला बुवा तो प्रकार रुचत नाही" असं सभ्य नाव देतात. मी देत नाही. पडद्यावर नुसतं दार करकरलं तरी मी उशी तोंडावर घेतो, आणि थोड्या वेळाने उशीलाही घाबरतो. बायको मात्र भाजी निवडता निवडता मुंडकी उडताना बघते. "हा आता जिना उतरणार, आणि खाली ती उभी आहे," असं ती मला बरोबर ऐकू जाईल अशा बेताने म्हणते आणि मी गॅलरीत कपडे वाळलेत का ते बघायला जातो. आमच्या घरातले कपडे फार लवकर वाळतात.

आता कार्यालयाबद्दल. आमचं कार्यालय घरदुरुस्तीच्या परवानग्या देत नाही. देणारं कार्यालय वेगळं. आम्ही त्यांच्याकडे शिफारस करतो. म्हणजे तुमच्या घराची भिंत फुगली, छत खचलं, तर तुम्ही आमच्याकडे अर्ज करायचा, आम्ही येऊन घर बघायचं, आणि मग शिफारस करायची किंवा नाही करायची. यातलं "येऊन घर बघायचं" हे पूर्वी कुणीतरी करत असे म्हणतात. आता त्यासाठी छापील वाक्य आहे. "प्रत्यक्ष पाहणीअंती", आणि पुढे दोन पर्याय: "दुरुस्तीची शिफारस करण्यात येते" किंवा "घर सुस्थितीत आढळले". नको असलेला खोडायचा. बावीस वर्षं मी खोडतोय. कोणता खोडायचा हे कशावरून ठरतं? एकाआड एक. शिफारशी जास्त झाल्या की वरून विचारणा येते, कमी झाल्या की खिडकीबाहेर आरडाओरडा होतो. एकाआड एक केलं की सगळे सारखेच नाराज राहतात. प्रशासनात याला समतोल म्हणतात.

तर अशा या सुखी संसारात एक परिपत्रक येऊन पडलं. "कर्मचारी ताणमुक्ती पंधरवडा." प्रत्येक कार्यालयाने कर्मचाऱ्यांचा ताण घालवणारा एक उपक्रम करावा, खर्च शून्य असावा, अहवाल तीन प्रतींत पाठवावा. आमच्या कार्यालयात ताण कुणाला आहे, हा प्रश्न कुणी विचारला नाही. ताण खिडकीच्या बाहेर उभा असतो आणि त्याच्यासाठी पंधरवडा नसतो.

मोठ्या साहेबांनी मला बोलावलं. "मी वाचलंय," ते म्हणाले, "माणूस खोटं खोटं घाबरला की त्याचा खरा ताण उतरतो. भयपट दाखवू. हल्ली ऑनलाइन फुकट मिळतात म्हणे. तुम्ही बघता ना भयपट?"

साहेबांना "नाही" म्हणायची सवय मला नाही. त्यांनी "तुम्ही काल वारलात ना?" असं विचारलं असतं तरी मी "हो साहेब, संध्याकाळी" म्हटलं असतं.

"बघतो की," मी म्हणालो.

"मग शिफारशींची यादी करा. डझनभर नावं. उद्यापर्यंत."

घरी येऊन हे सांगितलं तेव्हा बायको इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. "तुम्ही? परवा पाल पडली तर खुर्चीवर चढलात. पाल बिचारी घाबरून निघून गेली, तुम्ही जेवायलाही तिथेच बसलात."

"अगं, यादी करायचीय फक्त. बघायचं कुठे आहे?"

"न बघता शिफारस करणार?"

"मग रोज काय करतो मी?"

यावर ती हसायची थांबली आणि तिने माझ्याकडे जरा विचित्र नजरेने बघितलं. त्या नजरेचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. कळून घ्यायचा नव्हता म्हणा.

इतक्यात शेजारचे फुकटराव आले. हे त्यांचं खरं नाव नव्हे, पण खरं नाव त्यांनाही आठवत नसावं. यांच्या आयुष्याचं एकच तत्त्व: जी गोष्ट विकत मिळते ती कुठेतरी फुकटही मिळते, आपण शोधायला कमी पडतो. वर्तमानपत्र आमचं, इंटरनेट वरच्या मजल्यावरच्यांचं, आणि सल्ला मात्र त्यांचा स्वतःचा. भयपट म्हणताच ते माझ्या खुर्चीत बसले. म्हणजे मी उठलो.

"हे बघा, फुकटच्या साइटवर नियम असतो," ते म्हणाले. "मोठं हिरवं बटण दिसेल, 'आता पाहा' लिहिलेलं. ते दाबायचं नाही. त्याखाली लाल दिसेल. तेही नाही. कोपऱ्यात तांदळाच्या दाण्याएवढी फुली असते, ती दाबायची. मग दुसरी खिडकी उघडेल, ती बंद करायची. तिसरी उघडेल, तिला बंद करायचं नाही, तिला राग येतो. चौथीत सिनेमा."

"भाऊजी, एवढ्यात तर तिकीट काढून बघून होईल," बायको म्हणाली.

"वहिनी, मग फुकटाची मजा काय राहिली?"

त्यांनी स्वतःच एक साइट उघडून दिली. "फुकट पाहा: तज्ज्ञांनी शिफारस केलेले भयपट." चारशे बारा नावं होती. इतके तज्ज्ञ जगात असतील तर ते आपल्याच खात्यातले असणार, असं मला वाटून गेलं. प्रत्येक नावाशेजारी चित्र होतं. मी एका डोळ्यावर हात ठेवला, दुसरा किलकिला केला आणि ज्यांच्या चित्रात रक्त सर्वांत कमी होतं अशी बारा नावं उतरवून घेतली. "मेणाचा जावई". "कपाटातला भाडेकरू". "विहिरीतली शिकवणी". अशी. नावापुढे थोडा मजकूर हवा म्हणून मीच तो रचला. जावयापुढे लिहिलं, "कथानक भयप्रद असून भूत मूळचे सुस्वभावी आहे. सहकुटुंब पाहण्यास हरकत नाही." भाडेकरूपुढे लिहिलं, "शेवट समाधानकारक." शेवट मला काय ठाऊक, पण भाडेकरू निघून गेला असेल तर समाधानकारकच म्हणायचा.

आणि मग ती चूक झाली. यादीच्या वर एखादं वाक्य हवं. माझा हात सवयीने चालला. बावीस वर्षांची सवय, तिला डोकं लागत नाही. मी लिहिलं: "प्रत्यक्ष पाहणीअंती खालील बारा भयपटांची शिफारस करण्यात येते." खाली सही, तारीख, शिक्का.

यादी वर चढू लागली. अधीक्षकबाईंनी तांबड्या शाईने शेरा मारला, "बारा का? दहा किंवा पंधरा असावेत. असो." खाली दुसरा शेरा, "भुते ज्या घरांत राहतात ती घरे अधिकृत आहेत काय?" मी उत्तर दिलं, "बाब तपासून सादर करतो," आणि अर्थातच तपासली नाही. लेखा विभागाने फाइल परत पाठवली. पुरवठा फुकट असला तरी नियमाप्रमाणे तीन दरपत्रकं हवीत. मग मी तीन फुकट साइटींची दरपत्रकं जोडली. शून्य, शून्य आणि शून्य. लेखा विभागाने सगळ्यांत कमी शून्याची निवड केली, आणि ती कशी केली हे मला आजतागायत समजलेलं नाही. मोठ्या साहेबांनी "मान्य" लिहिलं. मुख्यालयाने त्यावर आपला रबरी शिक्का मारला: "फेरपाहणी केली." म्हणजे त्या बारा भयपटांना आता एकूण पाच सह्या होत्या आणि प्रेक्षक अजून एकही नव्हता.

शनिवारी दुपारी तीन वाजता बैठकीच्या खोलीत कार्यक्रम ठरला. सहकुटुंब. खिडक्यांना जुन्या दप्तरांची लाल फडकी लावून अंधार केला. चालू स्थितीतला संगणक कार्यालयात एकच, तो खालच्या मजल्यावर नंबरांचा फलक चालवतो. तोच उचलून वर आणला. यादी माझी, म्हणून चालवायला मीच.

मी साइट उघडली. पडद्यावर पहिल्यांदा जी आली ती भूत नव्हती. ती एक अत्यंत हसतमुख तरुणी होती आणि ती आमच्यापासून फक्त दोन किलोमीटरवर एकटी होती, असं खाली लिहिलं होतं. मोठ्या साहेबांच्या पत्नींनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी फुली शोधू लागलो. फुली दाबली की आणखी एक तरुणी. ही दीड किलोमीटरवर.

"जवळ येतायत," मागून लेखा विभागातलं कुणीतरी म्हणालं.

मी घाबरलो की हात सवयीवर जातो. पडद्यावर चौकट आली, "परवानगी द्यावी का?" मी दिली. "सूचना पाठवू का?" पाठवा. "या संगणकात बदल करू का?" करा बाबा. "आपण अटी वाचल्या आहेत का?" वाचल्या, मान्य. अकरा चौकटी मी धडाधड मान्य केल्या. एवढ्या वेगाने मी आजवर एकाही अर्जदाराचं काम केलेलं नाही.

शेवटी "मेणाचा जावई" सुरू झाला. मी संगणकाच्या मागे बसून डोळे गच्च मिटले. पण कान मिटता येत नाहीत, ही शरीराची फार मोठी त्रुटी आहे. कुठेतरी मेण ठिबकत होतं. सासरे हळूच म्हणत होते, "आलात का?" आणि मग जी किंकाळी आली, तिच्यासरशी मी थेट टेबलाखाली.

"काय झालं?" साहेब म्हणाले.

"वायर बघतोय साहेब. सैल वाटतेय."

"वायर या बाजूला आहे," हा आवाज माझ्या बायकोचा. लग्नाला अठरा वर्षं झाली, पण माझी अब्रू चारचौघांत इतक्या थोड्या शब्दांत तिने पहिल्यांदाच काढली. खोलीभर हसू पिकलं. भयपट तिथेच अडकला. जावयाचा अर्धा वितळलेला चेहरा पडद्यावर वीस मिनिटं गोल फिरणाऱ्या चक्रासह उभा राहिला. लोकांनी त्याच्यासमोर चहा-बिस्किटं घेतली. जाताना साहेब म्हणाले, "छान. ताण गेला." माझा कुठे गेला हे त्यांनी विचारलं नाही.

सोमवारी संगणक खाली नेऊन फलकाला जोडला. अकरा वाजता प्रतीक्षागृहात चाळीसेक माणसं बसली होती. फलकावर पुढचा नंबर यायचा होता. त्याऐवजी अक्षरं उमटली, "अभिनंदन! आपली निवड झाली आहे!" सगळेच्या सगळे उठून खिडकीशी आले. आपली परवानगी आली असंच प्रत्येकाला वाटलं. मी हात जोडून सांगतोय, "अहो, कुणाचीही निवड झालेली नाही," तर एक म्हातारे गृहस्थ मला म्हणतात, "लिहून आलंय वर. आता शब्द फिरवू नका!" त्यांचंही बरोबर होतं. आमच्या कार्यालयात जे लिहून येतं तेच खरं.

तेवढ्यात फलक काळा झाला आणि त्यावर तो अर्धवट वितळलेला जावई आला. पूर्ण आवाजात किंचाळला. एकदा नव्हे. सलग.

चाळीस माणसांपैकी एकही हललं नाही. एका बाईंनी शेजारणीला विचारलं, "हे नवीन साहेब का?" शेजारीण म्हणाली, "असतील. बोलतायत तरी!" पळाला तो फक्त एक माणूस, तो खिडकीच्या आतला होता, आणि त्याला चार जणांनी फाइलींच्या खोलीतून समजूत घालून बाहेर आणलं.

परत येऊन बसतो तर खिडकीशी त्या उभ्या होत्या. अर्ज क्रमांक पंच्याहत्तर. नाव फाइलीत असेल, पण आम्ही त्यांना पंच्याहत्तर नंबरच्या बाई म्हणतो. दर सोमवारी येतात. किरकोळ अंगाच्या, शिवणकाम करतात, खांद्यावर मोजपट्टी तशीच राहिलेली असते.

"साहेब, किंचाळून झालं असेल तर माझं बघता का?"

"तुम्हाला भीती नाही वाटली?" मी विचारलं.

"याच्या दुप्पट आवाज आमच्या भिंतीतून येतो. भिंत पुढे यायला लागलीय. पण तुम्ही तर लिहिलंय, प्रत्यक्ष पाहणीअंती घर सुस्थितीत आढळले. खाली सही तुमचीच ना?"

"असेल."

"मला एवढंच विचारायचंय, तुम्ही आलात कधी? मी दिवसभर घरातच असते. सासूबाई तर अंथरुणावरूनच उठत नाहीत. कुणालाच दिसला नाहीत. भुतासारखे आलात आणि भुतासारखे गेलात का?"

त्यांनी हे टोमणा म्हणून म्हटलं नाही. खरोखर उत्तर हवं म्हणून विचारलं. मला टोमणे चालतात, त्यांना मी निर्ढावलोय. पण प्रश्नाला काय करायचं? मी "बाब तपासून सांगतो" म्हटलं आणि खिडकी लावून घेतली.

संध्याकाळपर्यंत जावई गावभर झाला. प्रतीक्षागृहातल्या कुणीतरी मोबाइलवर टिपला होता. दुसऱ्या दिवशी चौकशी समिती बसली. म्हणजे पुढच्या मंगळवारी बसेल असं ठरलं. आमच्याकडे बसायलाही आठवडा लागतो. मला प्रश्नावली मिळाली. पहिले तीन प्रश्न नाव, हुद्दा, सेवेची वर्षं. चौथा प्रश्न: "आपण शिफारस केलेल्या बारा भयपटांची प्रत्यक्ष पाहणी केली होती काय? होय किंवा नाही."

कोंडी नीट समजून घ्या. "होय" म्हटलं तर तरुणींसकट ती साइट मला ठाऊक होती आणि तरी मी ती साहेबांच्या पत्नींसमोर उघडली. मुख्य लिपिकाची बढती या वर्षी माझी होती, ती गेली. "नाही" म्हटलं तर मग ते छापील वाक्य खोटं. आणि ते वाक्य एकदा खोटं ठरलं की बावीस वर्षांच्या फाइली रांगेत उभ्या राहणार. इकडे आड, तिकडे विहीर, आणि विहिरीत शिकवणी चालू.

फुकटरावांनी विचार करून सांगितलं, "मधलं लिहा. 'अंशतः'."

"होय किंवा नाही असं विचारलंय हो."

"मग 'होय' लिहा, पण अक्षर घाण काढा. वाचता आलं नाही पाहिजे."

बायको ताटं मांडत होती. तिने वर न बघता विचारलं, "त्या बाईंचं घर?"

"कुठल्या बाईंचं?"

"झोपेत 'पंच्याहत्तरच्या बाई, भिंत, भिंत' ओरडता ते. भिंत पडली तर काय लिहाल? प्रत्यक्ष पाहणीअंती पडलेली आढळली?"

त्या दिवशी कपडे वाळलेले नव्हते, तरी मी गॅलरीत गेलो.

गुरुवारी दुपारी मी अर्धी रजा टाकली आणि पंच्याहत्तर नंबरच्या घरी गेलो. पाहणीला. बावीस वर्षांत पहिल्यांदा. पाहणीला जाताना सोबत काय न्यायचं असतं हेही मला माहीत नव्हतं, म्हणून छत्री नेली. उन्हात.

दार त्यांनीच उघडलं. मला बघून दचकल्या नाहीत. "या," म्हणाल्या, "आज दिसताय."

खोली एकच, मागे स्वयंपाकघर. शिवणयंत्र खोलीच्या अगदी मध्यावर. पलंगही मध्यावर, त्यावर सासूबाई. सगळं सामान भिंतींपासून दूर, पूर आल्यासारखं गोळा केलेलं. मला वाटलं साफसफाई चाललीय. मी आपला सवयीने भिंतीला टेकायला गेलो.

"टेकू नका!" दोघी एकदम ओरडल्या.

मी वीतभर उडालो. मागे वळून बघितलं. भिंतीला पोट आलं होतं. वरून खाली उतरत आलेला तडा, आणि तड्याच्या कडेने खडूने रेघा. प्रत्येक रेघेपुढे तारीख. दर सोमवारची. आमच्याकडे येण्याआधी बाई तडा कुठवर आला ते खुणावून ठेवत आणि मग रांगेत उभं राहायला निघत. सर्वांत खालची रेघ माझ्या गुडघ्याच्या उंचीवर होती. माझ्या सहीची तारीख छातीपाशी. म्हणजे मी घर सुस्थितीत असल्याचं लिहिल्यानंतर तडा हातभर उतरला होता.

"ऐका," सासूबाई म्हणाल्या. "आता करील."

आम्ही तिघांनी कान टवकारले. आणि भिंतीच्या आत काहीतरी कुरकुरलं. दात खाल्ल्यासारखं. मग वाळूची बारीक धार सुटली आणि पोपडा सुटून माझ्या छत्रीवर आदळला. उशी नव्हती. गॅलरी नव्हती. डोळे मिटायचे राहून गेले. मी पूर्ण वेळ उघड्या डोळ्यांनी ते बघितलं आणि खरं सांगतो, शेवटी बाईंनीच मला शिवणयंत्राच्या स्टुलावर बसवून पाणी दिलं.

"पाहणी झाली?" त्यांनी विचारलं.

"झाली," मी म्हणालो. त्याच स्टुलावर बसून मी कोरा नमुना काढला आणि दुसरा पर्याय खोडला. अक्षर इतकं घाण आलं की फुकटराव खूश झाले असते.

मंगळवार. बैठकीची तीच खोली. लाल फडकी अजून खिडक्यांवरच होती, कारण ती काढायचा आदेश निघाला नव्हता. समितीत तिघं: मोठे साहेब, अधीक्षकबाई आणि मुख्यालयातून आलेले एक बाहेरचे सदस्य, गोल आणि घामट. ज्यांनी यादीवर सह्या केल्या त्यांनीच चौकशी करायची, ही आमची निःपक्षपाताची व्याख्या आहे.

"चौथ्याचं उत्तर रिकामं आहे," बाहेरचे म्हणाले.

मी पेन काढलं आणि लिहिलं, "नाही."

साहेबांना हायसं वाटलेलं दिसलं. "म्हणजे न बघता शिफारस केली. चला, दोष निश्चित झाला!"

"हो साहेब. छापील वाक्य आहे, त्याप्रमाणे केली. सगळ्या फाइलींत करतो तशी."

भीती म्हणजे काय हे मला आतून चांगलं माहीत होतं, बाहेरून कशी दिसते ते त्या दिवशी बघितलं. आधी कान पांढरे होतात.

"सगळ्या म्हणजे?" बाहेरच्यांनी बारीक आवाजात विचारलं.

"बावीस वर्षांतल्या. प्रत्येकीवर खाली मॅडमची सही आहे, त्याखाली साहेबांची, आणि त्यावर आपला 'फेरपाहणी केली'चा शिक्का."

"तो शिक्का टेबलावरच असतो," ते पुटपुटले. "कुणीही मारतं."

"हे लिहू नका!" अधीक्षकबाई म्हणाल्या. माझी प्रश्नावली त्यांनी दोन्ही हातांनी झाकली, जणू ती किंचाळणार होती. "अहो, थोडा तरी पाहिलात ना? त्या दिवशी खोलीत होतात की तुम्ही!"

"टेबलाखाली होतो मॅडम."

"टेबलाखालून पाहिलात!" साहेब उठून माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. "हे बघा, 'नाही'चं 'होय' करा. तुम्ही बाराही बघितले. साइटमध्ये नंतर कुणी त्रयस्थाने घोळ केला. तुम्हाला फक्त तोंडी समज. बढतीला धक्का नाही. आहे काय त्यात? एक शब्द तर आहे."

मी पिशवीतून फाइल काढली. क्रमांक पंच्याहत्तर.

"करतो. आधी हिच्यावर तिघांच्या सह्या हव्यात. नवी शिफारस आहे."

तिघांनी एकदम पेनं काढली. पंच्याहत्तर नंबरच्या बाई वर्षभर ज्यासाठी खेटे घालत होत्या, त्यासाठी तीन पेनं हवेत उघडी. मला इतका संताप आला की काय सांगू. मी फाइलीवर हात ठेवला.

"अशी नाही. वाचून."

"सगळी?" साहेब म्हणाले.

"मोठ्याने."

आम्ही ज्याला अर्ज म्हणतो तो बाईंनी दर काही फेऱ्यांनी पानं जोडत स्वतःच्या हाताने लिहिलेला, आता अकरा पानांचा झालेला होता. साहेब कंटाळून वाचू लागले. "'पहिला आवाज आम्ही जेवायला बसलो असताना आला. सासूबाई म्हणाल्या, उंदीर असेल. उंदीर नव्हता…'" दुसऱ्या पानावर त्यांचा कंटाळा गेला. चौथ्या पानावर, भिंतीतली वाळू सासूबाईंच्या उघड्या तोंडात पडते तिथे, अधीक्षकबाईंनी पदर ओठांशी नेला. सहाव्या पानावर कुठेतरी आमच्याच खोलीचं छत कट्ट वाजलं. साहेबांचा आवाज तुटला. बाहेरच्या सदस्यांनी वर बघितलं आणि खुर्ची भिंतीपासून दोन हात पुढे ओढली.

"ती फडकी काढा हो जरा," ते म्हणाले. "उजेड येऊ दे."

"आदेश नाही," अधीक्षकबाई म्हणाल्या, आणि स्वतःच उठून काढली.

नवव्या पानावर बाईंनी लिहिलं होतं: "यानंतर एक साहेब पाहणी करून गेले असे कागदावर आहे. आम्हाला ते दिसले नाहीत. तेव्हापासून सासूबाई घरात आणखी कुणीतरी वावरते असे म्हणतात." साहेबांनी हे वाचलं आणि तिघांनीही हळूहळू मान वळवून माझ्याकडे बघितलं. आयुष्यात मला कुणी घाबरेल असं मला वाटलं नव्हतं.

सह्या झाल्या. शिक्का झाला. फाइल मी बगलेत मारली, कारण ती त्याच दुपारी परवानगीच्या कार्यालयात स्वतः नेऊन द्यायची होती. टपालाने गेली असती तर भिंत आधी पोचली असती.

"आता तुमचं," साहेब घाम पुसत म्हणाले आणि प्रश्नावली पुढे सरकवली.

मी ती पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचली. सूचना वाचल्या, तळटीप वाचली, मुद्रणालयाचा पत्ता वाचला. तिघं घड्याळाकडे बघत चुळबुळत होते. मग चौथ्या प्रश्नाशी आलो, "नाही" खोडलं, "होय" लिहिलं आणि खाली सही केली. बाराही भयपट मी प्रत्यक्ष पाहिले असल्याची नोंद आता माझ्या सेवापुस्तकात आहे. बावीस वर्षं मी असंच खोटं लिहीत आलो. पूर्ण वाचून, अर्थ समजून लिहिलेलं हे पहिलंच.